गरूड इकडे

"टेपरेकॉर्डर आत नेता येणार नाही," मी म्हणालो.

"अहो, पण आम्ही निसर्गप्रेमी आहोत," खिडकीबाहेरचे गृहस्थ म्हणाले.

त्यांच्या मागे मेटॅडोर उभी होती. तिच्यातून चौदा माणसं, दोन पातेली, एक बॅट, तीन स्टंप आणि हा भला मोठा टेपरेकॉर्डर उतरला होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि निसर्गप्रेमी हा शब्द मी नवव्यांदा ऐकत होतो. अभयारण्याच्या फाटकावर तिकिटं फाडत बसायला लागून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत निसर्गाचा राग करणारा एकही माणूस माझ्या खिडकीवर आला नाही, शप्पथ सांगतो. एकजात सगळे प्रेमी. संध्याकाळी त्यांचं प्रेम गोळा करायला आम्हाला गोणी पुरत नसत.

"बॅट चालेल ना?"

"चालेल की. पाखरं फिल्डिंगला उभी करतो."

ते हसले नाहीत. टेपरेकॉर्डर ड्रायव्हरकडे देऊन त्यांनी विचारलं, "बरं, गरूड कुठल्या बाजूला?"

खिडकीशेजारी हातभर लांबीची पाटी होती. पांढऱ्या रंगावर लाल अक्षरं, 'गरूड इकडे', आणि खाली बाण. पाटी मीच रंगवली होती. मी नुसतं बोट दाखवलं. चौदा माणसं, पातेल्यांसकट, बाणाच्या दिशेनं निघाली.

गृहस्थ बाजूला झाले आणि मला रांगेत मालू दिसली.

धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले, काखेत गोणपाटाची घडी. आमच्या पिंजऱ्यांचं काम सात वर्षं करणारी मालू पब्लिकच्या रांगेत, दोन कॉलेजवाल्यांच्या पुढे, गुमान उभी होती.

"येक तिकीट द्या, भाऊ."

"तुला कसलं तिकीट? जा आत."

"नाय. तिकीट द्या."

तिनं पैसे फळीवर ठेवले. आठ दिवसांपूर्वी तिला कामावरून काढलं होतं. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी होती.

आता हे सगळं नीट सांगायला हवं.

आमच्या फाटकापासून शंभर पावलांवर चार पिंजरे आहेत. जखमी सापडलेली पाखरं बरी होईपर्यंत तिथं ठेवायची आणि मग रानात सोडायची, अशी मूळ कल्पना. पिंजऱ्यांच्या पुढे पायवाट, पुढे डोंगर, सगळं दाट रान. पण पनवेल ओलांडून, पळस्प्याला गोवा रस्त्याला वळून जी माणसं येतात त्यांतली शंभरातली नव्वद पिंजऱ्यांपाशीच थांबतात. पिंजरा बघायचा, जेवायचं, झाडाला पाठ टेकून घोरायचं, आणि घरी जाऊन जंगल बघून आलो म्हणून सांगायचं.

त्या वर्षी, पंच्याण्णव साली, ऐन आषाढात एका एसटीच्या ड्रायव्हरनं सर्पगरूड आणून दिला. हायवेवर कुठल्याशा ट्रकची धडक बसून एक पंख लोंबत होता. डोक्यावर काळा-पांढरा तुरा, पिवळे डोळे, आणि त्या अवस्थेतही ड्रायव्हरचा अंगठा फोडलेला. पनवेलचे गुरांचे डॉक्टर येऊन पंख बांधून गेले. जाताना मला हळूच म्हणाले, जगणार नाही.

मालूनं जगवला. मालू इथल्याच ठाकरवाडीतली. वय चाळिशीचं असेल, तिला विचारलं तर म्हणायची, "लिवा काय लिवायचं ते." रोजंदारीवर पिंजरे झाडायची, पाणी भरायची, रविवारनंतरचा कचरा उचलायची. गरूड आला त्या दिवशी तिनं माझ्याकडून रिकामी गोणपाटं मागून घेतली. काही पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी बांधली, आणि एक स्वतः डोक्यावरून घेतलं. त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. त्या अवतारात ती मागच्या फटीतून उंदीर, बेडूक, सरडे आत टाकायची. रोज वेगळ्या वेळी, आणि तोंडातून चकार शब्द न काढता.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोट धरून हसलो. "मालू, अगं भूत झालीस काय?"

तिनं मला ओढत लांब नेलं आणि मगच बोलली. "माझा बा तित्तर धरायचा, भाऊ. त्याच्याकडं येक शिकवलेला तित्तर होता. पिल्लू होता तवापासनं त्याला हातानं चारलेला. त्याच्यासमोर बसायचा, बोलायचा, चेहरा दाखवायचा. मग काय, पिंजरा उघडा टाकला तरी तो जायचा नाय. रानात बसून दुसऱ्या तित्तरांना हाका मारायचा, ते येऊन फाशात पडायचे, आन हा आपल्या पायानं परत पिंजऱ्यात." ती थांबली. "पाखरू कसं नासवायचं ते मना माईत हाय. म्हणून कसं नाय नासवायचं ते पन माईत हाय. खानं माणूस देतो ह्ये त्याला कळलं, की तो संपला."

त्यानंतर मी हसलो नाही.

गणपतीच्या चार दिवस आधी डॉक्टर आले आणि पंख ताणून बघून चाट पडले. "सोडा आता. उशीर करू नका," असं लेखी देऊन गेले. मालूनं त्या दिवशी वाडीतून माझ्यासाठी काकड्या आणल्या. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पण आमच्या साहेबांना वन्यजीव सप्ताह आठवला. साहेब वाईट माणूस नव्हे, त्यांना फोटो फार आवडायचा इतकंच. "ऑक्टोबरमध्ये पाहुण्यांच्या हस्ते सोडू. पेपरात येईल. महिनाभराचा तर प्रश्न आहे." पाहुणे म्हणजे जासईचे हरेशशेठ. भातशेतीच्या जागी कंटेनरची गोदामं उभी करून मोठे झालेले, आणि आम्हाला सिमेंटची बारा बाकं देणगी दिलेले. बाराही बाकांवर त्यांचं नाव. पाठ टेकली की शर्टावर उमटतं की काय असं वाटावं इतकं मोठं.

दरम्यान गरुडाचा फोटो रायगडच्या एका पेपरात आला आणि माणसं लोटली. ती येत आणि गोणपाट बघून भडकत. आमच्याकडे अभिप्रायाची वही आहे. 'पक्षी झाकून ठेवला आहे. लांबून येणाऱ्यांचा हिरमोड होतो. एक निसर्गप्रेमी, ठाणे.' 'तिकीट घेता मग दाखवत का नाही?' 'लहान मुलांना निसर्गाची गोडी कशी लागणार?' असे अकरा अभिप्राय साचले आणि साहेबांनी गोणपाटं काढायला लावली. मालूनं घड्या घालून खोपटात ठेवली.

आणि पाटी. पाटीचं पाप माझं आहे, ते मी दुसऱ्यावर ढकलत नाही. रविवारी तीनतीनशे माणसं विचारायची, गरूड कुठंय, गरूड कुठंय. माझं डोकं उठायचं. एका मंगळवारी रंगाचा डबा शिल्लक होता, मी पाटी रंगवून टाकली. तोवर दहा-वीस माणसं तरी वाट चुकून रानात जायची. पाटी लागल्यावर एकही चुकेना.

'पक्ष्यांना खायला घालू नये' अशीही एक पाटी पिंजऱ्यावर होती. अडाणी माणसं सूचना पाळत नाहीत, असं आपण म्हणतो. हो का? आमच्याकडे पांढरपेशी माणसं ती सूचना मुलाला मोठ्यानं वाचायला लावायची, मुलानं नीट वाचली की शाबासकी द्यायची, आणि मग त्याच्या हातात तंगडी देऊन म्हणायची, "टाक आता, घाबरू नको." वेफर्स, उकडलेली अंडी, मटणाचे तुकडे. मालू रविवारभर पिंजऱ्यापाशी उभी राहून "नका टाकू, पाया पडते," म्हणायची, आणि माणसं तिच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत.

पहिल्या रविवारी गरूड कोपऱ्यात अंग चोरून बसला. दुसऱ्या रविवारी मान वळवून बघू लागला. तिसऱ्या रविवारी कुणी प्लॅस्टिकची पिशवी चुरचुर वाजवली, की तो उडी मारून गजांपाशी यायचा आणि चोच उघडायचा. काय टाळ्या पडायच्या तेव्हा!

याच दिवसांत मुंबईच्या कॉलेजातली रेवा नावाची मुलगी फाटकावर फॉर्म भरून घ्यायला यायची. पर्यटकांचा निसर्गाकडे पाहण्याचा दृष्टिकोन, असा तिचा विषय होता. पोरगी सालस होती. सातवा प्रश्न असा होता की, वन्य पक्षी मोकळेच असावेत असं आपल्याला वाटतं का? एका संध्याकाळी तिनं मला आकडा सांगितला. दोनशे बारा माणसांपैकी दोनशे नऊ जणांनी 'पूर्ण सहमत' वर खूण केली होती.

"किती छान ना, काका?" ती म्हणाली.

"छान तर काय! उरलेले तीन कुठं जेवायला बसलेत ते बघ, निदान खरं बोलणारी माणसं दिसतील."

मालू तिथंच झाडू घेऊन उभी होती. "माजा पन लिवा की," ती म्हणाली. रेवा ओशाळली. "मावशी, हा फक्त पर्यटकांसाठी आहे. तिकीट काढून आलेल्यांसाठी." मालूनं मान हलवली आणि झाडायला गेली.

कार्यक्रमाला बारा दिवस राहिले होते, मंगळवारची दुपार होती, फाटकावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मालू खिडकीशी आली.

"भाऊ, पिंजऱ्याची चावी द्या. आज कोनी नाय. आज तो अजून जाईल."

चावी माझ्या डोक्यावर खिळ्याला होती. "अगं, बाराच दिवस राहिलेत."

"बारा दिसांनी नाय जायचा तो. तुमी बगताय ना? पिशवी वाजली की येतो."

"साहेब मला घरी बसवतील, मालू. माझी अनुया बारावीला आहे."

मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी चहाला म्हणून उठलो. खरं सांगतो, मी मुद्दाम उठलो. तिनं चावी घ्यावी, पक्षी सोडावा, आणि मला काही ठाऊक नसावं, असा माझा मतलब होता. नालायकपणाच तो. अर्ध्या तासानं परत आलो तर चावी खिळ्यालाच होती. चोरून करायचं काम मालूला जमत नव्हतं. ते मला जमलं असतं, पण मला करायचंच नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी कार्यक्रम झाला. दसरा उरकला होता, त्यामुळे कोंबडीला कुणाची हरकत नव्हती. मांडव, सतरंज्या, लाउडस्पीकर. पाखरांनी भल्या पहाटेच तो डोंगर सोडला असणार. हरेशशेठ निसर्गावर वीस मिनिटं बोलले. निसर्ग आपली आई आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग साहेबांनी पिंजऱ्याचं दार उघडलं, मालूनं मागून हुसकावलं, आणि गरूड बाहेर पडला.

तो उडाला! मोठा घेर घेऊन मांडवावरून गेला, झाडांच्या वर गेला, उन्हात त्याच्या पंखांखालचे पांढरे पट्टे लखलखले. मी मालूकडे बघितलं. तिनं दोन्ही हात छातीशी धरले होते आणि ओठ हलत होते. जा, जा, जा, म्हणत होती. वाटलं, सुटलो रे बाबा. आपण सगळेच सुटलो.

टाळ्या संपल्या आणि जेवणाची पाकिटं वाटायला सुरुवात झाली. प्रत्येक पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत. दीडशे पिशव्या एकदम वाजल्या.

गरूड वळला. सरळ खाली आला, हरेशशेठच्या टेबलावर उतरला, पंख मिटले आणि चोच उघडली.

मग जो हशा उसळला, तसला मी आयुष्यात ऐकला नाही. "किती माणसाळलाय बघा!" "अहो, त्याला जायचंच नाही! प्रेम कळतं हो मुक्या जनावराला!" हरेशशेठनी स्वतःच्या हातानं कोंबडीचा तुकडा भरवला. साहेबांना हवा होता त्याच्या दुप्पट चांगला फोटो मिळाला.

आणि पहिला दगड आला.

मालू मांडवाच्या कडेला उभी राहून दगड मारत होती. गरुडाला लागू नये, पण त्यानं भ्यावं, अशा बेतानं. "जा! जा मेल्या! ह्यांच्यात बसतोस? जा!" ती रडत होती आणि खाली वाकून दगड उचलत होती. एक दगड टेबलावर आपटला, गरूड दोन फूट उडाला आणि पुन्हा पाकिटापाशी बसला. तोवर चारपाच जणांनी तिला धरलं. भरजरी साडीतल्या एक बाई किंचाळल्या, "लाज नाही वाटत मुक्या पक्ष्याला मारायला? असली माणसं ठेवताच कशी तुम्ही इथं?"

कोंबडी खाता खाता प्रत्येकजण मालूला भूतदया शिकवत होता. थू!

कुणीतरी पिशवी वाजवत पुढे चाललं, आणि गरूड टुणटुणत त्याच्या मागोमाग पिंजऱ्यात शिरला. दार लावलं. मघापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

अभिप्रायाच्या वहीत त्या दिवशी सात जणांनी लिहिलं की, कर्मचारी पक्ष्यांशी क्रूरपणे वागतात. साहेबांनी चार ओळींचा कागद माझ्यापुढे सरकवला. रोजंदारी कामगार मालू हिने कार्यक्रमात पक्ष्यास दगड मारले, हे मी प्रत्यक्ष पाहिले. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी सही केली. आणि गरूड आता कायमचा इथंच राहणार, असं ठरलं. पब्लिकला आवडतो.

तर, ती मालू त्या रविवारी तिकीट मागत होती. मी तिकीट फाडलं.

"मालू, माझं चुकलं," मी म्हणालो.

"मागं रांग हाय, भाऊ," ती म्हणाली.

फाटकाच्या आत रेवा फॉर्म घेऊन उभी होती. मालूच्या हातातलं तिकीट बघून ती लगबगीनं पुढे आली. "मावशी, आता तुमचा फॉर्म भरता येईल. सातवा प्रश्न, वन्य पक्षी मोकळेच..."

"ते ह्या लोकांना इचारा, ताई. मना काम हाय." आणि ती बाणाच्या दिशेनं चालू लागली.

माझ्या खिडकीतून पिंजरा दिसतो. चौदा जणांचं ते कुटुंब गजांना चिकटून उभं होतं, पिशव्या वाजत होत्या. मालू वाट काढत पुढे गेली, गजांना पाठ लावून उभी राहिली, आणि काखेतलं गोणपाट उलगडून दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलं. त्यात तिचं तोंडही झाकलं गेलं. मागचा गरूड दिसेनासा झाला.

"ओ बाई, बाजूला व्हा! आम्ही तिकीट काढलंय!"

गोणपाटाच्या आतून तिचा आवाज आला. "मी पन काढलंय."

पाचच मिनिटांत बॅटवाले गृहस्थ लालबुंद होऊन माझ्या खिडकीशी हजर झाले. "अहो, तिथं एक बाई पिंजरा अडवून उभी आहे. तुमच्याच इथली वाटते. हटवा तिला!"

"आमच्या इथली नाही," मी म्हणालो. "पर्यटक आहेत त्या."

"पर्यटक? मग काय ती दिवसभर तिथंच उभी राहणार?"

मी खुर्चीवरून उठलो, बाहेर आलो, आणि 'गरूड इकडे'ची पाटी खिळ्यावरून उतरवली. पाटी टेबलाखाली सरकवली आणि पुन्हा जागेवर बसलो.

"तिकीट साडेपाचपर्यंत चालतं," मी म्हणालो. "तोवर रान बघून या."